पावतीचा रंग

चंदू कोळी हा सरळ माणूस आहे, यावर ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात दोन मतं नव्हती. एरवी तिथं देवळाच्या कळसाच्या रंगापासून गल्लीतल्या नळाच्या वेळेपर्यंत कुठल्याही गोष्टीवर किमान चार मतं असत. पण चंदूचं नाव निघालं की भांडणारे दोघंही माना डोलवत. पालिकेच्या रंगकाम खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, पण कंत्राटदाराच्या चहाला कधी तोंड लावलं नाही. रिक्षावाल्यानं चुकून दहाची नोट जास्त परत दिली तर हा रिक्षामागे धावणार. रिटायर झाला तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, असा माणूस आता शोधूनही सापडायचा नाही. कांतानं, म्हणजे चंदूच्या बायकोनं, डोळ्यांना पदर लावला. चंदू मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, किती हा विनय.

खरं म्हणजे तो समोरच्या बाकाचा पाय बघत होता. बाकाला बागेतला हिरवा दिलेला होता, आणि तोच हिरवा त्याच्या होडीच्या तळालाही होता.

होडी लहानशीच. एक डोलकाठी, एक शीड, सहा माणसं दाटीनं बसतील एवढी. चंदूच्या बापानं, नाथानं, ती स्वतःच्या हातानं बांधली होती, तेव्हा चंदू तिसरीत होता. नाथा दिवसा रेल्वेच्या यार्डात खलाशी आणि उरल्या वेळात कोळी. पुढं खाडीत मासळीपेक्षा पिशव्या जास्त मिळायला लागल्या, तशी जाळी घरात गेली. होडी मात्र राहिली. नाथा गेल्यावर चंदू दर वर्षी फाल्गुनाच्या उधाणाला ती काठावर ओढून घ्यायचा, ओंडक्यांवर पालथी घालायचा, तळाचे शिंपले-शेवाळ खरवडायचा आणि वर नवा हात मारायचा. मासे धरायचे नसतानाही हा तळाला रंग लावतो म्हणून लोकांना कौतुक वाटे. रंग कुठून येतो हे कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेला असतो.

पहिल्या वर्षी तो खरोखरच उरलेला होता. दुभाजकाचा पिवळा, डब्याच्या बुडाशी चार बोटं, झाकण उघडंच राहिलेलं. सुकून फुकट गेला असता. चंदूनं तो घरी आणला आणि आठ दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या वर्षी अर्धा डबा उरला. नंतर चंदूचा अंदाज इतका पक्का होत गेला की कुठल्याही भिंतीला किती रंग लागेल हे तो नुसतं बघून सांगे, आणि त्या अंदाजात एक डबा नेमका उरे. साहेब त्याच्या अंदाजावर डोळे झाकून सही करत, कारण माणूस सरळ. एकट्यानं खाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. होडीला लागून उरलेला रंग तो शेजाऱ्यांना देऊन टाकी. त्यामुळं शहरात ज्या वर्षी दुभाजक पिवळे झाले त्याच्या पुढच्या वर्षी गल्लीतली दारं पिवळी झाली, आणि शाळांची फाटकं निळी झाली तेव्हा गल्लीतल्या खिडक्या निळ्या. कोळीवाड्याला शहराची शोभा एक वर्ष उशिरानं मिळत असे, एवढंच.

हे सगळं असंच चाललं असतं. पण माघात गणू पाटील घरी आला.

गणू पाटील म्हणजे जमातीचा पाटील. पिढ्यान्‌पिढ्या गावदेवीची पालखी त्याच्याच घरच्या होडीतून पलीकडे कळव्याला जायची. कळव्याच्या काठावर देवीची बहीण आहे. चैत्रात धाकटी थोरलीकडे एक दिवस माहेरपणाला जाते. पुलावरून रिक्षानं पाच मिनिटांचं अंतर. पण देवीला पूल चालत नाही, आणि इंजिनाची होडीही चालत नाही. डिझेलच्या वासानं तिचं डोकं चढतं, असं जुनी माणसं सांगतात. शिडाचीच होडी लागते. गणूची होडी यंदा पावसाळ्यात सडून बसली होती. अख्ख्या कोळीवाड्यात आता शिडाची एकच होडी उरली होती.

"चंदू, यंदा मान तुझा," गणू ओट्यावर टेकत म्हणाला. "आणि सांगू का, एका परीनं बरंच झालं. देवी सरळ माणसाच्या होडीत बसेल."

कांतानं साखर आणून दोघांच्या हातावर ठेवली. चंदूनं ती मुठीतच धरून ठेवली. कारण या मानाला एक शेपूट होतं. पलीकडे होडी लागली की कळवेकर पाण्यात गुडघाभर उतरून देवीची वाट अडवतात आणि विचारतात, "कोणाच्या होडीनं आलीस, बाय?" तेव्हा होडीवाल्यानं देवीच्या वतीनं मोठ्यानं उत्तर द्यायचं, "माझ्या," आणि आपलं नाव सांगायचं. त्याशिवाय पालखी उतरत नाही. देवीसमोर, दोन्ही काठांच्या माणसांसमोर, माझी होडी म्हणायचं. आणि तळाला चौतीस वर्षांची पालिका.

चंदूला बापाची आठवण झाली. बापानं घरात एक वाक्य कायमचं करून ठेवलं होतं: रेल्वेत राहिलो, पण एक खिळा घरी आणला नाही. तिसरीत असताना चंदूनं शाळेतून खडूचा तुकडा खिशात घालून आणला होता. नाथानं त्याच्या अशी कानफटात दिली की कान दोन दिवस वाजत होता, आणि वर तो बोटाएवढा खडू मास्तरांना परत द्यायला एकट्याला पाठवलं होतं. मास्तर हसले होते. बाप हसला नव्हता. पिवळा डबा घरी आला तेव्हा नाथाला जाऊन वर्ष झालं होतं, आणि चंदूला पहिला विचार हाच आला होता की बरं झालं, बाप नाही.

त्यानं मनाशी ठरवलं. सगळा रंग काढायचा. वरवर नाही, पार खाली, बापानं स्वतः मारलेल्या काळ्या डांबरापर्यंत. तिथून पुढं स्वतःच्या पैशाचा रंग, दुकानाच्या पावतीसकट. देवी बसेल ती नाथाच्या होडीत, स्वच्छ. मग काठावर जे म्हणायचं ते ताठ मानेनं म्हणता येईल.

फाल्गुनात होडी पालथी पडली आणि चंदू ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन तळाला भिडला. आजूबाजूचे बघायला आले. दर वर्षीचं काम दोन दिवसांचं. यंदा चार दिवस झाले तरी हा घासतोच आहे.

"बस कर रे आता," गणू म्हणाला. "लाकूड उघडं पाडतोस की काय? जुन्या होडीला रंगच धरून ठेवतो."

"देवी बसणार हाय दादा," चंदू म्हणाला. त्याच्या सरळपणाची कीर्ती आणखी दोन गल्ल्या पुढं गेली.

वरचा थर उड्डाणपुलाच्या खांबांचा राखाडी. तो निघाल्यावर आला दवाखान्याचा पिस्ता, मेघालीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, लग्नाच्या वर्षीचा. तेव्हा मांडवाच्या खांबांनाही तोच लावला होता आणि व्याही म्हणाले होते, रंग काय गोड निवडलाय. त्याच्याखाली बागेतला हिरवा. त्याच्याखाली सार्वजनिक मुतारीचा आकाशी, हे वर्ष चंदू शक्यतो आठवत नसे. मग शाळेचा निळा, मग स्मशानाच्या फाटकाचा चॉकलेटी, त्या वर्षी थोरला भाऊ गेला होता. माणसं फोटोंचा अल्बम चाळतात तसा तो तळ चाळत खाली चालला होता. अंगावर, भुवयांवर, मिशांवर सगळ्या वर्षांची पूड बसली होती. घरी गेला की कांता अंगणातच बादली ठेवायची आणि म्हणायची, "अहो, आधी शहर धुऊन या."

तिला ठाऊक होतं, तर. चंदूला वाटलं होतं, तिला काही कळलेलं नाही. त्या रात्री त्याला फार वाईट वाटलं.

मनुबाई, चंदूची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची. ती रोज होडीशेजारी भेंडीच्या मोठ्या झाडाखाली पाट टाकून कोलंबी सोलत बसे. मुलगा काय करतो हे बघे. एकदाच म्हणाली, "किती खाली जातंस?"

"बाबाच्या डांबरापर्यंत, आये."

मनुबाईनं कोलंबीचं डोकं मोडलं आणि पुढची उचलली.

सातव्या दिवशी पिवळा लागला, पहिला. तो त्यानं सावकाश घासला. आठव्या दिवशी डांबर लागलं, आणि खाडीच्या त्या वाऱ्यात त्याला इतकं हलकं वाटलं की तो खाली बसला आणि होडीला पाठ लावून त्यानं चहा घेतला. इथं खरं तर थांबायचं होतं. पण चौतीस वर्षांच्या थरांखाली ते डांबर ठिकठिकाणी फुगलं होतं, पापुद्रे सुटत होते. बापाचं काम नीट करून द्यावं म्हणून चंदूनं एका फळीवरचे फुगवटे खुरपीनं उचलले. डांबर हातभर लांब सोलून आलं. खाली जुना सागवान होता, आणि सागवानावर पांढऱ्या रंगात, सुबक, एका मापाची अक्षरं होती. आधी एक आकडा. मग दोन अक्षरं. म. रे., म्हणजे मध्य रेल्वे.

चंदूनं शेजारच्या फळीवरचं डांबर काढलं. तिथं वजनाचा आकडा होता आणि 'परत पाठवा' असं काहीतरी अर्धवट होतं. तिसऱ्या फळीवर नुसता बाण होता. अशी अक्षरं आतल्या बाजूला आली असती तर होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला वाचता आली असती. नाथानं ती बाहेरून घेतली होती, तळाला, आणि वर जाड डांबर थापलं होतं. बापाचं काम नीटच होतं.

"आये," चंदू म्हणाला. "ह्या फळ्या यार्डातल्या हायत."

"मग," मनुबाई म्हणाली, "सागाची फली काय खाडीन उगवते?"

"बाबा तर म्हणायचा, एक खिळा आणला नाय."

"खिले नव्हते आनले. खिले बाजारातनं घेतले." मनुबाईनं कोलंबी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "मोडकी मालगाडी पडलेली यार्डात, दोन पावसाले. फल्या सडत होत्या. तो रोज एक आनायचा, खांद्यावर, फडक्यात गुंडालून. ज्या दिवशी शेवटची आनली, त्याच दिवशी तू खडू घेऊन आलास."

चंदूनं खुरपी खाली ठेवली.

"तुला मारलान, आन मग मोरीत जाऊन बसला. मना बोल्ला, मने, माजं पोराच्या हातात उतारलं. दोन दिस जेवला नाय. तुजा बापूस वाईट नव्हता रे. त्याला होडी पायजे होती."

चंदूचा कान वाजल्यासारखा झाला, बावन्न वर्षांनी पुन्हा. त्याला बापाचा राग यायला हवा होता. पण त्याला दिसला तो मोरीत बसलेला माणूस, आणि चंदू आठ वर्षांचा असल्यासारखा रडला. मनुबाईनं त्याला रडू दिलं. भुवयांवरच्या पुडीचे पिवळे ओघळ गालांवर आले ते तिनं पदरानं पुसले.

संध्याकाळी तो गणू पाटलाकडे गेला आणि ओट्यावर उभ्यानंच म्हणाला, "दादा, मान परत घे. माझी होडी देवीच्या लायकीची नाय." आणि त्यानं सगळं सांगितलं, फळ्यांपासून मुतारीच्या आकाशीपर्यंत.

गणूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं उठून दार लोटून घेतलं. ते दार पिवळं होतं.

"चंदू, नाथाकाका रोज एक फळी आणायचा ना? दुसरं टोक कोण धरायचं, वाटतं तुला? माझा बाप. एकच वॅगन होती, दोन होड्या झाल्या. पन्नास वर्षं देवी त्याच फळ्यांवर बसून माहेरी जातेय. काही बोलली का ती कधी?"

"पण कळव्याला विचारतील..."

"विचारतील तेव्हा 'माझ्या' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या बापानं म्हटलं, मी म्हटलं, तू म्हण. एवढा सरळ होऊ नकोस, बाकीच्यांना त्रास होतो."

चंदू घरी आला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टेशनजवळच्या दुकानातून रेड ऑक्साइडचे दोन डबे, भेगा भरायची लांबी, ब्रश आणि टर्पेंटाइन घेतलं आणि पक्की पावती मागितली. दुकानदार त्याला ओळखत होता. म्हणाला, चंदूशेठ, आज पालिकेचं नाव घालू का. चंदू म्हणाला, माझं घाला. साठ वर्षांच्या आयुष्यात रंगाच्या पावतीवर त्याचं नाव पहिल्यांदाच येत होतं. त्यानं ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. दोन फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवल्या, लांबी लावली, आणि तांबड्याचे दोन हात दिले. म. रे. वर ब्रश आला तेव्हा तो क्षणभर थांबला. मग त्यानं तिथंही रंग लावला, आणि तो भाग इतरांपेक्षा जास्त काळजीनं लावला.

चैत्रात पालखी निघाली. होडी फुलांनी झाकलेली, मधे देवी, तिच्यासमोर गणू छत्री धरून, मागं सुकाणूवर चंदू, शिडाच्या दोरीवर दोन जण आणि पुढच्या टोकाला, नाळेशी, मनुबाई. सर्वांत म्हातारी सवाष्ण किंवा विधवा कोणीही असो, तिनं देवीची सोबत करायची असते. वारा नेमका उलटा होता. देवीला इंजिन चालत नाही, आणि वाऱ्याला ते माहीत नव्हतं. दहा मिनिटांच्या पाण्याला पाऊण तास लागणार असं दिसू लागलं. पुलावर माणसं रिक्षा थांबवून मोबाइलवर फोटो काढत होती.

निम्म्या पाण्यात मनुबाई म्हणाली, "पाय भिजतायत."

तळातून पाणी येत होतं. धो धो नाही, पण मनापासून. चंदूला लगेच कळलं. चौतीस वर्षांचे थर त्यानं घासून काढले होते. त्या थरांनीच ती होडी इतकी वर्षं बंद ठेवली होती. पावतीचे दोन हात त्या फटींना पुरले नव्हते. प्रामाणिक रंगातून पाणी आत येत होतं.

"डबा कुठाय," गणू म्हणाला.

डबा नेहमीच्या जागी होता, फळीखाली, सुतळीनं बांधलेला. पाणी उपसायला वर्षानुवर्षं तोच. इतका ओळखीचा की चंदूनं होडी धुतली, घासली, रंगवली आणि तो डबा पुन्हा जागच्या जागी बांधला, त्याच्याकडे न बघता. मनुबाईनं तो सोडवून त्याच्या हातात दिला तेव्हा त्यानं तो बघितला. त्याच्यावर काळ्या रंगात, स्वतः चंदूच्याच वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं: पालिकेची मालमत्ता. विक्रीसाठी नाही.

गणूनं वाचलं आणि छत्री थोडी खाली घेतली.

चंदूनं सुकाणू एकाच्या हातात दिलं आणि उपसायला बसला. देवीच्या पुढ्यात, दोन्ही काठांच्या आणि पुलावरच्या मोबाइलच्या देखत, तो डब्यावर डबा उपसत राहिला. त्याला हसू यायला लागलं. एवढं करून, एवढं घासून, देवीला पार नेणारा शेवटी हाच डबा. मग गणूनं मागितला, मग दोरीवाल्यांनी. पाळीपाळीनं सगळ्यांनी उपसलं आणि होडी कळव्याच्या काठाला लागली.

कळवेकर गुडघाभर पाण्यात वाट अडवून उभे होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं हात वर करून विचारलं, "कोणाच्या होडीनं आलीस, बाय?"

गणूनं चंदूकडे बघितलं आणि ओठांनीच म्हटलं, माझ्या.

चंदू उभा राहिला. कपडे ओले, हातात डबा. त्यानं देवीकडे बघितलं, मग आईकडे.

"फळ्या रेल्वेच्या," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या बापानं, नाथानं, न विचारता आणलेल्या. चौतीस वर्षं रंग पालिकेचा, तो मी न विचारता आणलेला. हा डबापण पालिकेचा. आताचा रंग तेवढा माझा, त्याची पावती हाय." त्यानं खिशातून पावती काढली. ती भिजून लगदा झाली होती आणि शाई पसरून तिच्यावर काहीच वाचता येत नव्हतं. "पावती होती," तो म्हणाला.

काठावर क्षणभर काही कळेना. मग कळवेकर म्हातारा हसला, मग त्याच्यामागचे हसले, आणि हसता हसता सगळ्यांनी वाट मोकळी केली. होडीला स्वतःची म्हणत नाही हा माणूस, म्हातारा मागच्यांना सांगत होता. आमच्याकडे कोणी एक वल्हं सोडत नाही, आणि हा सगळं सरकारचं म्हणून देवीला वाहतो. गणू पाटलाला घाम फुटला होता, तो आता सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आमचा चंदू असाच आहे. सरळ माणूस." पालखी खांद्यांवर चढली आणि वाजत गाजत वर गेली.

आता पुढच्या वर्षीचाही मान चंदूचाच, हे त्याच दुपारी ठरलं.

मनुबाई हसली नव्हती. सगळे गेले तरी ती ओल्या पायांनी होडीतच बसून होती. चंदूनं तिला उतरवायला हात पुढं केला. तिनं तो धरला, पण उठली नाही.

"तुज्या बापसाला मी दर चैत्रान सांगायची, बोलून टाक, हलका होशील," ती म्हणाली. "त्याला नाय जमलं."

मग ती त्याच्या हाताला धरून उतरली, आणि चंदू डबा घेऊन उरलेलं पाणी उपसायला मागं वळला.